सवय होते म्हणूनच सवय लावायची

इंदुरात सकाळी साडेसातच्या सुमारास कोणत्याही वस्तीच्या नाक्यावर उभे राहिले, तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेले, वाफेवर गरम राहणारे पिवळेधमक पोहे आणि शेजारच्या कढईतून निघणारी जिलबी ही जोडी दिसतेच. घरचे फोडणीचे पोहे वेगळे आणि हे वेगळे. इथे वरून पडणाऱ्या गोष्टींना मान अधिक असतो, म्हणजे शेव, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, बडीशेप आणि चिमूटभर जिरावण नावाचा मसाला. पोह्यांचे दोन घास खाल्ल्यावर जिलबीचा पहिला तुकडा तोंडात टाकला, की तो कुर्रकन तुटतो, आतला पाक जिभेवर सुटतो आणि क्षणभर दुसरे काही सुचत नाही. दुसरी जिलबी चांगली लागते. तिसरी आपण बोलता बोलता खातो, आणि चौथी द्रोणात तशीच राहते. एका बैठकीत चौथी जिलबी नकोशी होण्यात पोट भरल्याचाही भाग आहे, हे खरे. परंतु महिनाभर रोज एकच जिलबी खाणाऱ्यालाही ती पहिल्या दिवसासारखी लागत नाही. जिलबी तीच, कढई तीच, खाणाराही तोच असताना तो पहिला आनंद जातो कुठे, हे समजले तर रोजच्या कोणत्या लहान सवयींनी माणूस थोडा अधिक आनंदी होऊ शकतो आणि कोणत्या सवयींनी होत नाही, हेही बरेचसे समजते.

माझ्या धाकट्या भावाने रामबागेतल्या जुन्या वाड्यातले बिऱ्हाड सोडून बायपासकडे एका इमारतीत सातव्या मजल्यावर घर घेतले, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक पाहुण्याला गॅलरीत नेऊन दूरवरचे दिवे दाखवले. दोन महिन्यांनी मी गेलो, तेव्हा त्याच गॅलरीत कपडे वाळत होते आणि बोलणे लिफ्ट वारंवार बंद पडते यावर चालले होते. आपल्याकडे यासाठी ‘नव्याचे नऊ दिवस’ हा वाक्प्रचार फार पूर्वीपासून आहे. मानसशास्त्रात ही गोष्ट रीतसर मांडली गेली ती १९७१ मध्ये. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकांनी तिला व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलची उपमा दिली, कारण त्या पट्ट्यावर माणूस कितीही चालला तरी जागच्या जागीच राहतो. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांची तुलना तशाच वस्तीतल्या, लॉटरी न लागलेल्या लोकांशी केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा विशेष सुखी निघाले नाहीत; उलट, मित्राशी गप्पा मारणे किंवा सकाळचा नाश्ता करणे अशा साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी आढळला.

हा अभ्यास इतक्या वेळा सांगितला जातो, की त्याचा अर्थ वाजवीपेक्षा जास्त ताणला गेला आहे. २२ माणसांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलता येत नाही. त्याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेल्या २९ जणांचीही विचारपूस होती आणि ते इतरांइतके सुखी मुळीच नव्हते, हा भाग मात्र सहसा गाळला जातो. नंतर जर्मनीत वर्षानुवर्षे त्याच त्या कुटुंबांना प्रश्न विचारून जमवलेल्या माहितीवरून असे दिसले, की नोकरी गेल्याची किंवा गंभीर अपंगत्वाची माणसाला पूर्णपणे सवय होत नाही आणि समाधानाची पातळी पूर्वीच्या जागी सहजासहजी परतत नाही. तेव्हा ‘माणसाला कशाचीही सवय होते’ हे विधान निम्मेच खरे आहे. सुखाची सवय लवकर होते, काही दुःखांची होतच नाही, आणि ज्याच्या घरात पगार वेळेवर येत नाही त्याला आनंदाच्या सवयी सांगत बसणे हा उपदेश नसून अगोचरपणा ठरतो.

सवय का होते, याचा एक धागा मेंदूत सापडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाने स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोपामाइन हे मेंदूतले रसायन तयार करणाऱ्या पेशींचे संदेश मोजले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की या पेशी जोरात संदेश सोडत. रसापूर्वी दरवेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी पेशी दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर मात्र शांत राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. याचा अर्थ असा, की हा हिशेब किती मिळाले याचा नसून अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळाले याचा असतो. नाक्यावर वळतानाच पाकाचा वास आला, की अर्धा उत्साह तिथेच खर्च होतो. दुकान बंद निघाले, तर सकाळ फुकट गेल्यासारखी वाटते, जरी घरून निघताना आपण उपाशी नसलो तरी. पगारवाढीच्या पहिल्या महिन्यात जे वाटते ते सहाव्या महिन्यात का वाटत नाही, याचे उत्तरही बहुधा याच हिशेबाच्या जवळपास आहे.

डोपामाइन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ असे सर्रास लिहिले जाते, तेही फारसे बरोबर नाही. केंट बेरिज या शास्त्रज्ञाने दीर्घ काळ केलेल्या कामातून हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दाखवले, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर बोट सरकवत राहणाऱ्याला विचारा, यात मजा येते आहे का; तो बहुधा नाहीच म्हणेल, पण बोट थांबणार नाही. हवेसेपणा चालू आहे आणि आवड केव्हाच संपली आहे, अशी ती अवस्था असते.

मराठीत सवय या एकाच शब्दाची दोन क्रियापदांशी सोयरीक आहे. एक ‘सवय होणे’, जे आपोआप होते आणि चांगल्या गोष्टीची चव घालवते. दुसरे ‘सवय लावणे’, जे मुद्दाम करावे लागते. आनंदासाठी म्हणून ज्या ज्या सवयी सुचवल्या जातात, त्यांतल्या उपयोगी ठरणाऱ्यांकडे मी या नजरेने पाहतो: जी सवय लावल्याने बाकीच्या गोष्टींची सवय होणे लांबते, ती टिकाऊ. जी नुसतीच आणखी एक सुखद वस्तू दिनक्रमात आणून ठेवते, ती नऊ दिवसांची पाहुणी.

याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे मुद्दाम खंड पाडणे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागी लोकांना आधी चॉकलेटचा तुकडा खायला दिला गेला. मग काहींना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितले, काहींना भरपूर चॉकलेट देऊन हवे तितके खा म्हटले, आणि उरलेल्यांना काहीच सांगितले नाही. आठवड्याने परत सर्वांनी चॉकलेट खाल्ले, तेव्हा ज्यांनी ते सोडले होते त्यांना ते इतरांपेक्षा अधिक रुचले. हे वाचताना मला हसू आले, कारण चातुर्मासात वांगी वर्ज्य करून चंपाषष्ठीला भरीत करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा निष्कर्ष नवा नाही. ते भरीत बाकी दिवसांच्या भरितापेक्षा चांगले असते, असे आमच्या घरी सगळे शपथेवर सांगत. वांगी मात्र त्याच बाजारातली, त्याच भावाची असत. चातुर्मास सुरू होण्याआधीच्या कांदेनवमीला कांद्याचे जे काय काय होते, त्यामागेही हीच युक्ती आहे. या व्रतांमागे धार्मिक कारणे आहेत आणि त्यांना धक्का लावण्याचा माझा हेतू नाही, परंतु खंड पाडल्याने गोडी परतते हे आपल्या पंचांगाने बरेच आधी व्यवहारात आणले होते, एवढे म्हणता येते. मी स्वतः रोजची जिलबी रविवारवर नेली. त्यात प्रकृतीची काळजी होतीच, पण रविवारची जिलबी पुन्हा पहिल्यासारखी कुर्रकन तुटू लागली, हा लाभ डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

आता पुराव्याकडे वळू, कारण या विषयावर ठामपणे सांगितलेल्या गोष्टी खूप आणि नीट तपासलेल्या थोड्या आहेत. २०२३ मध्ये डनिगन फोक आणि एलिझाबेथ डन या कॅनडातील संशोधकांनी सर्वांत जास्त सुचवल्या जाणाऱ्या पाच उपायांचा आढावा घेतला: कृतज्ञता व्यक्त करणे, लोकांत मिसळणे, व्यायाम, ध्यान आणि निसर्गात जाणे. प्रयोग सुरू करण्यापूर्वीच आपण काय तपासणार ते नोंदवून ठेवलेले किंवा पुरेशी माणसे घेतलेले अभ्यास तेवढे त्यांनी ग्राह्य धरले, तेव्हा शेकडो अभ्यासांपैकी बहुतेक गळून पडले. उरलेल्यांत कृतज्ञता आणि लोकांत मिसळणे या दोहोंना बऱ्यापैकी आधार दिसला. व्यायाम, ध्यान आणि निसर्ग यांनी निरोगी माणसाचा आनंद वाढतो असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा मात्र तितका मजबूत निघाला नाही. याचा अर्थ ते उपाय खोटे आहेत असा नाही, फक्त खात्रीचे माप कमी आहे. म्हणून मीही पहिल्या दोहोंवर अधिक वेळ घालवणार आहे.

कृतज्ञतेचा मूळ प्रयोग रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककला यांचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, तर काहींनी तितक्याच कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले. दोन वर्षांनी मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी रीत तपासली: आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ती का घडली हेही लिहायचे. सहभागी लोकांवर या लहानशा कामाचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. त्यातही ज्यांनी आठवडा संपल्यावरही लिहिणे आपणहून चालू ठेवले, त्यांना अधिक. या रीतीतला ‘का’ मला महत्त्वाचा वाटतो. नुसती यादी म्हणजे किराण्याची यादी. कारण शोधायला बसले, की त्या गोष्टीमागे कोणी माणूस, कोणाचे कष्ट किंवा निव्वळ योग दिसू लागतो, आणि जे गृहीत धरले होते ते पुन्हा डोळ्यांसमोर येते.

हे मी करून पाहिले आहे, आणि बिघडवूनही पाहिले आहे. मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेची कोरी पाने शिवून एक वही केली आणि रोज रात्री तीन ओळी लिहू लागलो. पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाचनीय आहेत. तिसऱ्या आठवड्यात ‘सकाळचे पोहे’ चार वेळा आले, पाचव्यात ‘वरीलप्रमाणे’ असा शेरा दिसतो. ज्या सवयीने इतर गोष्टींची सवय मोडायची, तिचीच मला सवय झाली होती. पुढे वाचनात आले, की सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा यादी करणाऱ्यांपेक्षा एकदाच करणाऱ्यांना लाभ झाला होता. तेव्हापासून मी फक्त गुरुवारी लिहितो, आणि एक अट पाळतो की मागच्या पानावरची गोष्ट पुन्हा येता कामा नये.

याच कुळातला एक उलटा उपाय २००८ च्या एका अभ्यासातून पुढे आला आहे. आपल्या आयुष्यात घडलेली चांगली गोष्ट आठवण्यापेक्षा, ती घडलीच नसती तर काय काय वेगळे झाले असते हे लिहून काढणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न झाले. आपल्या बायकोशी पहिली गाठ कशी पडली हे शंभरदा सांगून झालेले असते. पण ती गाठ ज्या मावशीच्या आग्रहामुळे पडली, त्या मावशीला त्या दिवशी ताप आला असता तर, असा विचार केला की जुन्या गोष्टीला पुन्हा धार येते. हे करताना अंगावर थोडा काटा येतो आणि लगेच सुटल्यासारखे वाटते.

कृतज्ञता बोलून दाखवण्यात आपल्या घरांत एक अडचण आहे, आणि ती परदेशी लेखनात सापडायची नाही. आईला, आत्याला, भावाला धन्यवाद म्हणणे आपल्याला परकेपणाचे वाटते; ‘आभार कसले मानतोस, पाहुणा आहेस का?’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या अनुभवात त्यावरचा उपाय म्हणजे आभार न मानता नेमके काय लक्षात आले ते सांगणे. एका दुपारी मी आत्याला म्हटले, “आत्या, आज आमटीत चिंचेऐवजी आमसूल घातलंस ना? फार छान लागली.” ती पोळीचे पीठ झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, “तुला कळलं होय!” संध्याकाळी तिने हीच गोष्ट फोनवर तिच्या मुलीला सांगितल्याचे मी ऐकले. धन्यवाद हा शब्द कुठेही उच्चारला गेला नव्हता.

दुसरा भक्कम उपाय माणसांचा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये २६८ विद्यार्थ्यांपासून सुरू केलेला आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या अभ्यासाशी जोडला गेलेला प्रकल्प आजही चालू आहे. इतक्या दशकांच्या नोंदींतून वारंवार पुढे आलेली गोष्ट ही, की पैसा किंवा कीर्ती यांपेक्षा जवळच्या नात्यांतले समाधान उतारवयातल्या आरोग्याशी आणि सुखाशी अधिक जोडलेले होते. अर्थात मूळचे सगळे सहभागी पुरुष होते, आणि चांगल्या नात्यांमुळे प्रकृती टिकली की प्रकृती चांगली म्हणून नाती टिकली, हे अशा अभ्यासावरून निर्विवाद ठरत नाही.

रोजच्या सवयीच्या दृष्टीने मला त्याहून उपयोगी वाटतो तो निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांचा २०१४ चा प्रयोग. शिकागोच्या लोकलने रोज जाणाऱ्या काही लोकांना त्यांनी शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प राहायला. आधी विचारले असता लोकांचा अंदाज होता, की अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास वाईट जाईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॉफीच्या दुकानातल्या माणसाशी नजर मिळवून, हसून दोन शब्द बोलणाऱ्यांचे मन, झटपट कॉफी घेऊन निघणाऱ्यांपेक्षा अधिक प्रसन्न आढळले. ओळखीचा धागा पातळ असला तरी चालतो, असा त्याचा अर्थ.

इंदूरसारख्या शहरात हे वेगळे शिकवावे लागत नसे. वाड्यातल्या ओट्यावर बसलेल्यांना ओलांडून जाताना दोन शब्द बोलावेच लागत, आणि पोहेवाला तर ‘क्या भिया, कल नहीं आए?’ असे विचारून हजेरीच घेत असे. आता पोहे मोबाइलवरून घरी मागवता येतात आणि सातव्या मजल्यावरून लिफ्टने थेट गाडीपाशी उतरता येते. या सोयी मलाही आवडतात. परंतु सोय वाढली तेवढ्या प्रमाणात रोजच्या सात-आठ लहान भेटी कमी झाल्या, आणि त्या कमी झाल्याचे कोणाच्या हिशेबात आले नाही, कारण त्यांना आनंद असे नाव कधी दिलेलेच नव्हते. म्हणून मी सुचवेन ती सवय अशी: दिवसातली एक खरेदी चालत जाऊन, ओळखीच्या माणसाकडून करावी आणि पैसे देताना फोन खिशात ठेवावा.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर २००८ च्या एका प्रयोगाचा उल्लेख करतो. त्यात विद्यार्थ्यांना सकाळी पाकिटात पाच किंवा वीस डॉलर देऊन संध्याकाळी पाचच्या आत खर्च करायला सांगितले. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक खुश होते, आणि रक्कम पाच की वीस याने फरक पडला नाही. प्रयोग लहान होता. पण मित्रासाठी एक प्लेट जास्त सांगून पाहायला फारसा खर्च येत नाही.

शरीराकडे मात्र थोडक्यातच पाहू. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतले जैविक घड्याळ जुळते आणि रात्री झोप वेळेवर येते, म्हणून सकाळचे चालणे दुहेरी कामाचे. नेहरू पार्क असो, मेघदूत उपवन असो किंवा २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेला सिरपूर तलाव असो, जागेने फार बिघडत नाही. व्यायामाने निरोगी माणसाचा आनंद किती वाढतो यावर वाद असला, तरी नैराश्याच्या उपचारात त्याचा उपयोग दिसलेला आहे. रात्री अकरा वाजता सराफ्यातल्या खाऊबाजारात गराडूचा तळलेला कंद आणि भुट्ट्याचा कीस खाणे या सगळ्याच्या विरुद्ध जाते, हे मला माहीत आहे. पण पाहुण्यांना सराफा न दाखवता परत पाठवणारा इंदूरकर अजून जन्माला यायचा आहे.

मोबाइलविषयी एक चांगला अभ्यास आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही हजार लोकांपैकी एका गटाला पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाचा सरासरी तासभर वेळ मोकळा झाला, त्यातला काही घरच्यांत आणि मित्रांत गेला, आणि त्यांचे समाधान थोडे, पण मोजता येईल इतके वाढले. ‘थोडे’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. दुसऱ्या एका, २०१० च्या अभ्यासात २२५० लोकांना दिवसाच्या अधूनमधून फोनवरून विचारले गेले की आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकलेले असताना लोक कमी सुखी होते, मग काम कोणतेही असो. भांडी घासताना भांड्यांवर लक्ष ठेवावे असा उपदेश वडीलधारी मंडळी करत, तेव्हा त्यांचा रोख बशा फुटण्याकडे असे; पण सल्ला वाया गेला नाही.

या सगळ्याला एक धोक्याची बाजू आहे. २०११ मध्ये आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सुखी असण्याला फार महत्त्व द्यायला लावलेल्या लोकांना आनंदाच्या प्रसंगीसुद्धा कमी आनंद झाला, कारण आपल्याला हवे तितके छान वाटत नाही, याचीच त्यांना निराशा वाटली. म्हणून मी वहीत गुण देत नाही, आणि रोजचा मूड मोजणारे ॲप ठेवत नाही. दुसरे असे, की सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो सवयींचा विषय राहत नाही, उपचाराचा होतो. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. अशा माणसाला ‘चांगल्या गोष्टी लिहून काढ’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला फेरी मारून ये म्हणण्यासारखे आहे.

राहता राहिला प्रश्न सवय लावायची कशी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला मध्यकाने, म्हणजे निम्म्यांना कमी आणि निम्म्यांना जास्त या हिशेबाने, ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. २१ दिवसांत सवय लागते, हे आपण ऐकतो त्याला तिथे आधार मिळाला नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यातच दिसले, आणि माझ्यासारख्या माणसाला हा निष्कर्ष बाकीच्या सगळ्यांपेक्षा प्रिय आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली युक्ती याला जोडावी: ‘मी रोज चालेन’ असा संकल्प सोडण्यापेक्षा ‘चहाचा कप विसळून ठेवला की मी चपला घालेन’ असे ठरवावे. वेळ आणि प्रसंग आधी ठरला, की इच्छाशक्तीवरचा भार कमी होतो.

हे कसे घडते याचा सर्वांत मोठा नमुना इंदूरकरांनी स्वतःच पाहिला आहे. कचऱ्याची गाडी गाणे वाजवत गल्लीत येते आणि घराघरांतून ओला व सुका कचरा वेगवेगळ्या डब्यांतून बाहेर येतो. सुरुवातीला लोक कुरकुरले, डबे अदलाबदल झाले, आमच्या गल्लीत तर भाजीची देठे सुक्यात टाकण्यावरून दोन घरांत अबोला झाला. आज गाणे ऐकू आले, की हात आपोआप डब्याकडे जातो, आणि २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेच्या सर्वेक्षणात शहर पहिले येत राहिले. कोणी रोज सकाळी संकल्प करत बसत नाही. ते काम गाणे करते. मी माझी गुरुवारची वही याच गाण्याला बांधली. रात्री झोप येते आणि लिहिणे टळते, असे लक्षात आल्यावर लिहिण्याची वेळ सकाळी, डबा आत ठेवल्यानंतरची ठरवली.

गणपतीच्या दहा दिवसांत दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या गुरुवारी वही उघडली, त्या पानावर पहिली ओळ अशी आहे: गाडी दहा मिनिटे उशिरा आली, म्हणून समोरच्या काकूंशी फाटकात उभे राहून बोलणे झाले, त्यांच्याकडचा प्राजक्त या वर्षी लवकर फुलला आहे.